गाडी तापतेय? रेडिएटर धुण्याआधी टायमिंग बघा

दोन महिने मी रेडिएटरच्या मागे लागलो होतो. जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची आणि चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा. रेडिएटर धुऊन घेतला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा ताणला, पाण्याचा पंपसुद्धा उघडून बघितला. काटा आपला वरच. पिकअप कमी झाला होता, पेट्रोलही जास्त खात होती, पण ते वयाचं दुखणं म्हणून मी सोडून दिलं होतं. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने बॉनेट उघडलं, रेडिएटरकडे ढुंकूनही न बघता डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढली आणि पॉइंटच्या, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचच्या, फटीत फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी घालायला गेला. पट्टी आत जाईचना. "पाणी कशाला बघत बसलात साहेब," तो म्हणाला, "टायमिंग मागं गेलंय हिचं." अर्ध्या तासात काम झालं आणि त्याच चढावर काटा मधोमध उभा राहिला.

गाडी तापण्याचा आणि प्लगमधल्या ठिणगीच्या वेळेचा संबंध काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तो कळला की टायमिंगचं अर्धं शास्त्र कळलं.

ठिणगी आधी का पडते

सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण फटाक्यासारखं फुटतं असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. प्लगपाशी छोटी ज्योत धरते, ती पसरत पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते आणि त्याबरोबर दाब चढत जातो. याला वेळ लागतो. इंजिनागणिक तो बदलतो, पण हिशेबापुरते दोन मिलिसेकंद धरू, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग.

आता पिस्टनच्या बाजूने बघा. पिस्टन अगदी वर पोचलेला असतो, ज्याला टीडीसी म्हणतात, तेव्हा कनेक्टिंग रॉड आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) एका सरळ रेषेत असतात. त्या क्षणी कितीही दाब आला तरी तो बेअरिंगवर जातो, क्रँक फिरवायच्या कामी येत नाही. सर्वात मोठा धक्का बसायला हवा तो क्रँक टीडीसीच्या साधारण १५ अंश पुढे गेल्यावर, पिस्टन नुकता खाली निघालेला असताना. मग ठिणगी टीडीसीच्या आधीच पडायला हवी, हे उघड आहे. फलंदाज चेंडू पुढ्यात आल्यावर बॅट उचलत नाही. बॅट खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढं आधीच त्याला निघावं लागतं. आणि गोलंदाज जितका वेगवान, तितकं आणखी आधी.

इंजिनातला वेगवान गोलंदाज म्हणजे वाढते आरपीएम. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर एका फेऱ्याला ८० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे आपल्या दोन मिलिसेकंदांत क्रँक ९ अंश फिरते. ३००० फेऱ्यांवर एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो आणि तेवढ्याच वेळात क्रँक ३६ अंश पुढे गेलेली असते. ज्योत तीच, वेळही तीच, पण अंश चौपट. (मग ६००० ला ७२ अंश लागतील का? नाही. वेग वाढला की आतली हवा जास्त घुसळली जाते आणि ज्योतही वेगाने धावते. म्हणून बऱ्याच जुन्या इंजिनांत ठिणगीचं टीडीसीच्या आधी पडणं ३० ते ३६ अंशांच्या आसपास येऊन थांबतं.)

सुरुवातीच्या काळात ही सगळी आकडेमोड चालवणाऱ्याच्या हातात होती. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली दोन दांड्या असत, उजवी थ्रॉटलची आणि डावी ठिणगीच्या वेळेची. वेग वाढला की डावी ओढायची, चढावर इंजिन कण्हू लागलं की परत ढकलायची. समोरून हँडल मारून गाडी चालू करताना ती दांडी मागे घ्यायला विसरलात, तर ठिणगी लवकर पडून इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं.

पुढे हे काम डिस्ट्रिब्युटरने स्वतःकडे घेतलं. त्याच्या पोटात स्प्रिंगने बांधलेली दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम थोडा पुढे सरकवतात. बाहेरच्या अंगाला एक चपटी डबी दिसते, तिच्यात रबराचा पडदा असतो आणि तिची नळी कार्बोरेटरला किंवा मॅनिफोल्डला जोडलेली असते. हलक्या पायाने गाडी चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून त्याला आणखी आधी ठिणगी हवी. त्या वेळी इंजिनाची हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, जास्त असते. ती ओढ पडदा खेचते आणि पॉइंटची प्लेट फिरते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ संपते आणि हा जादा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगीचं आणखी आधी पडणं, निघून जातो.

थोडक्यात, तीन थर एकावर एक. तळाचा पाया, त्यावर वजनांचा ॲडव्हान्स आणि त्यावर व्हॅक्यूमचा. डिस्ट्रिब्युटर फिरवून आपण हलवतो तो फक्त पाया. पाया सहा अंशांनी चुकला तर प्रत्येक वेगाला सहा अंश चूक राहते. आणि पाया बरोबर असून वरचे थर बिघडलेले असतील तर पाया हलवून काहीच नीट होत नाही. आयडलिंगला बरोबर केलं की हायवेवर चुकतं आणि हायवेवर बरोबर केलं की आयडलिंगला.

मागे गेलंय की पुढे

ठिणगी उशिरा पडत असेल, मेकॅनिकच्या भाषेत टायमिंग रिटार्ड असेल, तर गाडी तक्रार करत नाही, नुसती सुस्तावते. पिकअप मरतो, मायलेज घसरतं, इंजिन तापतं. तापण्याचं कारण आता कळेल. पिस्टन खाली पळत असताना मिश्रण अजून जळतच असतं. त्या जळण्यातून काम कमी निघतं आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात आणि एक्झॉस्टमध्ये जाते. फारच मागे गेलं तर अंधारात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालसर दिसतं, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे रिटार्ड झालेलं इंजिन आयडलिंगला टिकत नाही, म्हणून कुणीतरी आयडल स्क्रू आवळून ठेवतो. थ्रॉटल उघडं राहतं, इंजिन तापलेलं असतंच, मग चावी बंद केली तरी ते धडधडत राहतं आणि दोष जातो कार्बोरेटरला.

लवकर पडणारी ठिणगी मात्र आवाज करते. वरच्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक येते. ज्योत पसरण्याआधीच दाब आणि उष्णतेने कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, तो हा आवाज. यालाच नॉक म्हणतात. चाल थोडी चुणचुणीत वाटते, म्हणून काही जण हे कौतुकाने सहन करतात. करू नये. सतत नॉक झालं तर पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गास्केट जातं. दुसरी खूण म्हणजे गरम इंजिन चालू करताना स्टार्टर अडखळतो, कुणी मध्येच हात धरल्यासारखा.

इथे पेट्रोलचाही हात असतो. बॅटरीवर चालणारी इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकला दिली, आणि नॉकचा दोष काही जणांनी त्या इग्निशनवरच ढकलला होता. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घातलं की नॉक दबतं हे सापडलं. त्या शिशाने केवढं विष पसरवलं हा वेगळा विषय. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जगातून पूर्ण हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं. आपल्यापुरता मुद्दा असा की जुन्या मॅन्युअलमधला अंशांचा आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी लिहिलेला आहे. तो आकडा म्हणजे सुरुवात समजा. इंजिन आजच्या पेट्रोलवर नॉक करत असेल तर एकदोन अंश मागे यायला संकोच नको.

डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी

माझं ठाम मत असं आहे की डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करणं ही शेवटची पायरी. टायमिंग आपोआप सरकत नाही. सरकलं असेल तर कशामुळे, हे आधी शोधायचं. नाहीतर महिन्याभरात परत तेच.

सर्वात जास्त वेळा गुन्हेगार निघतो तो पॉइंट. पॉइंट कॅमवर टेकतो तो फायबरच्या एका छोट्या टाचेवर. टाच झिजली की फट कमी होते, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, आणि ठिणगी पॉइंट उघडतानाच पडत असल्याने तीही उशिरा पडते. माझ्या गाडीत हेच झालं होतं. कॅमवर ग्रीसचा थेंब नव्हता, टाच कोरडी घासून संपली होती. फट अनेक गाड्यांत ०.४० मि.मी.च्या आसपास असते, पण आपल्या गाडीचा आकडा बघूनच लावावी. ड्वेल मीटर असेल तर आणखी चांगलं. पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते हा मीटर दाखवतो, आणि ड्वेल एका अंशाने वाढला की टायमिंग क्रँकच्या एका अंशाने मागे जातं. म्हणूनच क्रम पक्का आहे, आधी फट, मग टायमिंग. उलटं केलं तर फट लावताना आधीचं सगळं पाण्यात. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर ही झीज सुटली, बाकी सगळं तसंच.

कॅप उघडीच आहे तर रोटर, म्हणजे कॅपखाली फिरत ठिणगी वाटणारा तुकडा, बोटांनी फिरण्याच्या दिशेने हलकेच पिळून सोडा. तो स्प्रिंगने टचकन मागे यायला हवा. मऊ पडून सावकाश आला, किंवा आलाच नाही, तर वजनं गंजलेली किंवा जुन्या तेलाने चिकटलेली आहेत. मग व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जिभेने टोक बंद करा. आत प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. हवा येतच राहिली तर पडदा फाटलाय. असा पडदा वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण गाडी चालते, फक्त पेट्रोल जास्त जाळते. शाफ्ट धरून आडवा हलवूनही बघा. बुश झिजून तो लटपटत असेल तर पॉइंटची फट प्रत्येक फेऱ्याला बदलते आणि टायमिंग एका जागी राहूच शकत नाही.

टायमिंग चेनही तपासायची असेल तर कॅप काढलेली असतानाच पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक थोडी पुढे, थोडी मागे करा. दिशा बदलल्यावर रोटर लगेच हलला पाहिजे. पाच-सात अंश क्रँक नुसतीच फिरली आणि रोटर ढिम्म, तर चेन ढिली झालीय. अशा इंजिनात व्हॉल्व्हसुद्धा उशिरा उघडत असतात, डिस्ट्रिब्युटर फिरवून ते भरून निघत नाही.

आता सर्वात लबाड भाग, पुलीवरची खूण. अनेक इंजिनांची पुढची पुली दोन भागांची असते, मध्ये रबर. रबर म्हातारं झालं की बाहेरचं कडं हळूहळू सरकतं आणि त्याच्यासोबत टीडीसीची खूणही. मग तुम्ही निष्ठेने ८ अंशांवर लावता, प्रत्यक्षात असतात १८. खूण खरी आहे का हे तपासायला प्लगच्या भोकात घट्ट बसणारा पिस्टन स्टॉप लागतो. बॅटरी काढायची, पहिल्या सिलिंडरमध्ये स्टॉप बसवायचा आणि क्रँक हाताने, अगदी हळू फिरवायची. पिस्टन टेकला की पॉइंटरसमोर पुलीवर खडूने रेघ. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकेपर्यंत न्यायची आणि दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधोमध खरा टीडीसी. यात जोर लावायचा नाही, स्टार्टर तर मुळीच नाही.

खरी खूण सापडली की ती घासून पांढऱ्या रंगाने रंगवा. अंशांच्या रेघा नसतील तर त्या टेपने काढता येतात. पुलीच्या परिघाचा दहावा भाग म्हणजे ३६ अंश. १५० मि.मी. व्यासाच्या पुलीला परिघ भरतो सुमारे ४७१ मि.मी., म्हणजे ३६ अंशांची रेघ टीडीसीपासून ४७ मि.मी.वर, आणि एक अंश जेमतेम १.३ मि.मी. ही रेघ टीडीसीच्या खुणेपासून पुली फिरते त्या दिशेने पुढे काढायची, कारण ती पॉइंटरसमोर आधी यायला हवी. एक अंश किती बारीक असतो हे एकदा असं पट्टी धरून बघितलं की अंदाजाने टायमिंग लावण्याची खोड जाते.

प्रत्यक्ष लावताना

इंजिन चालूच होत नसेल, किंवा डिस्ट्रिब्युटर पूर्ण बाहेर काढला असेल, तर सुरुवात दिव्याने. पहिला प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवा. अंगठ्याला जोराची फुंकर बसली की पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येतोय. ही फुंकर महत्त्वाची, कारण एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो आणि खूण दोन्ही वेळा जुळते. चुकीच्या वेळेला लावलंत तर गाडी चालू तर होणार नाहीच, वर कार्बोरेटरमधून भडका येईल. रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरकडे बघतोय याची खात्री करा आणि खूण हव्या त्या अंशावर आणा. पुढे गेली तर नुसती मागे घेऊ नका. बरीच मागे नेऊन पुन्हा पुढून आणा, म्हणजे चेनचा ढिलेपणा एकाच बाजूला राहतो.

बारा व्होल्टचा छोटा दिवा घ्या. एक वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याच्या) डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी चालू. पॉइंट मिटलेला असताना दिवा बंद, उघडला की पेटतो. बोल्ट इतकाच सैल करा की डिस्ट्रिब्युटर हाताने फिरेल पण सोडला तर हलणार नाही. तो रोटरच्या दिशेने फिरवा, दिवा विझू द्या. मग उलट दिशेने केसाकेसाने आणा, आणि दिवा लागला त्या जागी थांबा. लक्षात ठेवायचं ते एवढंच, रोटरच्या विरुद्ध फिरवलं की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेने फिरवलं की मागे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तुमच्या हाताचा एक अंश खाली दोन अंश होतो. चावी फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेला असेल तर कॉइल तापते.

इंजिन चालत असेल तर टायमिंग लाइटला पर्याय नाही. पहिल्या प्लगच्या वायरला क्लिप लावली की प्रत्येक ठिणगीला हा दिवा एकदा चमकतो. इंजिन गरम, आयडलिंग मॅन्युअलप्रमाणे, व्हॅक्यूमची नळी मॅन्युअल सांगत असेल तर काढून तिचं तोंड बंद. संध्याकाळच्या कमी उजेडात पुलीवर झोत टाका. गरगर फिरणारी पुली जागीच थबकल्यासारखी दिसते आणि तुमची पांढरी रेघ पॉइंटरजवळ थरथरत उभी. मला हे दृश्य अजूनही आवडतं. पण याच झोतात पंख्याची पातीही थांबल्यासारखी दिसू शकतात आणि ती थांबलेली नसतात. सैल बाही, ओढणी, दिव्याची वायर, सगळं लांब. गाडी उघड्यावर काढा, बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो.

रेघ हव्या त्या अंशावर आणली की घाईने बोल्ट आवळू नका, आधी तिच्याकडे थोडं बघत बसा. एका जागी आहे? की दोन-तीन अंशांत नाचतेय? नाचत असेल तर मघाचा लटपटता शाफ्ट किंवा ढिली चेन. मग नळी काढलेलीच ठेवून वेग ३००० पर्यंत सावकाश न्या. टायमिंग एकसारखं पुढे सरकत गेलं पाहिजे. झटक्याने उडी मारली, मध्येच अडकलं किंवा वेग कमी केल्यावर परत आलं नाही, तर वजनं आणि स्प्रिंग बघा. नळी परत जोडून ॲक्सिलरेटर थोडा उघडल्यावर टायमिंग आणखी पुढे गेलं नाही, तर पडदा. तिन्ही थर या एका दिव्यात दिसतात. बहुतेक जण मात्र आयडलिंगचा आकडा बघून बॉनेट बंद करतात.

बोल्ट आवळताना डिस्ट्रिब्युटर हटकून थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा बघा. टायमिंग पुढे गेलं की आयडलिंगचे आरपीएम चढतात. ते स्क्रूने खाली आणा आणि खाली आल्यावर टायमिंग परत तपासा, कारण जादा वेगावर वजनं थोडी उघडलेली असू शकतात. हे दोन-तीनदा मागे-पुढे होतं, त्याला इलाज नाही.

मग गाडी चढावर न्या. इंजिन पूर्ण गरम, वरचा गिअर, बेताचा वेग, आणि पाय दाबा. काच खाली ठेवा, टकटक झालीच तर ती कानावर आली पाहिजे. आली तर घरी येऊन एक अंश मागे, म्हणजे त्या पुलीवर १.३ मि.मी., आणि पुन्हा तोच चढ. नसेल आली तर जो अंश ठरला तो बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून टाका आणि पॉइंटच्या कॅमला मुगाएवढं ग्रीस लावून कॅप बसवा.